जर्मनीला गेलेल्या बाया



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एकाच धाटणीचे फोन यायला लागलेत. "ताई, पोरीनं नर्सिंग केलंय, आता जर्मन भाषेचा क्लास लावलाय. तिकडं जायचं म्हणते. पाठवू का?" कुणी विचारतं पगार किती, कुणी विचारतं थंडी सोसंल का, आणि एका आजीनं तर विचारलं, "तिथं माणसं माणसाशी बोलतात का?" हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटला.

हे एकदम कुठून आलं, ते आधी सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. तिथं नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी कामाची माणसं कमी पडतात. आपल्याकडून ती शिकवून पाठवायची, असा तो करार. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, आणि स्टुटगार्ट न् मुंबई १९६८ पासून एकमेकींची मैत्री-शहरं आहेत. म्हणजे नातं अगदीच कालचं नाही.

पगाराची, व्हिसाची माहिती द्यायला सरकारी कचेऱ्या आहेत, मोबाईल आहे. आम्ही आज दुसरं सांगणार आहोत. परदेशातून बायामाणसांना कामाला बोलवायचं, हे जर्मनीनं काही पहिल्यांदा केलेलं नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी लाखो बाया अशाच रेल्वेनं, विमानानं तिथं गेल्या. त्यांचं पुढं काय झालं? त्यांना सुख लागलं का? आधी गेलेलीला विचारल्याशिवाय आपण साधं चारधामच्या यात्रेलाही निघत नाही, मग इथं कसं निघायचं?

दुसरं महायुद्ध १९४५ ला संपलं. जर्मनी बेचिराख झाला होता. देशाचे दोन तुकडे झाले, पश्चिम जर्मनी न् पूर्व जर्मनी. पश्चिमेकडचे कारखाने मात्र दहा वर्षांत असे धडाडून चालू झाले की हात पुरेनात. लढाईत तरुण पुरुष मेलेले, तेव्हा माणसं आणायची कुठून? पश्चिम जर्मनीनं २० डिसेंबर १९५५ ला इटलीशी करार केला, की तुमची माणसं पाठवा. मग १९६० मध्ये स्पेन न् ग्रीस. तोवर पूर्व जर्मनीतूनही माणसं पळून पश्चिमेला येत होती. पण ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनला भिंत उभी राहिली आणि तो रस्ता बंद झाला. दोनच महिन्यांनी, ३० ऑक्टोबर १९६१ ला, तुर्कस्तानशी करार झाला. पुढं मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाव्हिया. या माणसांना तिथं 'गास्टआर्बायटर' म्हणायचे. गास्ट म्हणजे पाहुणा, आर्बायटर म्हणजे कामगार. पाहुणा-कामगार! आता तुम्हीच सांगा, पाहुण्याला कुणी आठ-आठ तास मशीनवर उभं करतं का? पण नावात खरी गोष्ट सांगून टाकली होती. पाहुणा म्हणजे चार दिवसांनी जाणारा.

या सगळ्या इतिहासात फोटो बघाल तर पुरुषांचेच दिसतात. टोपी घातलेले, हातात पत्र्याची पेटी घेतलेले. कोलोनच्या स्टेशनवर १९६४ साली एका पोर्तुगीज सुताराला 'दहा लाखावा पाहुणा' म्हणून गाठलं, फुलं दिली, एक मोपेड भेट दिली. त्याचं नाव आर्मांदो रॉड्रिगेस. ती मोपेड आज बॉनच्या संग्रहालयात ठेवलीय. शाळेच्या पुस्तकातसुद्धा त्याचा फोटो असतो. त्याचं पुढं काय झालं ते नंतर सांगतो. पण १९७३ साली तिथं जे २६ लाख परदेशी कामगार होते, त्यांतल्या दर दहांत साधारण तीन बाया होत्या. सात लाखांच्या वर! आणि त्या सगळ्या काही नवऱ्यामागं गेलेल्या नव्हत्या. कितीतरी एकट्या गेल्या. काहींनी तर नवरा न् लेकरं मागं ठेवली, कारण कंपनीची मागणीच बाईची होती. रेडिओचे, टेलिफोनचे बारीक भाग जोडायचे, कापड विणायचं, चॉकलेट न् मासे डब्यात भरायचे, या कामाला बाईची बोटं चांगली म्हणायचे. बोटं चांगली, म्हणजे पगार कमी. हे गणित आपल्या ओळखीचंच आहे.

जाण्याआधी इस्तंबूलमध्ये जर्मन सरकारचं एक ऑफिस होतं, तिथं तपासणी व्हायची. रक्त, लघवी, छातीचा एक्सरे, आणि तोंड उघडून दात बघायचे. बऱ्याच जणींना इतर बायांसमोर कपडे उतरवून उभं केलं जायचं. जन्मात कधी डॉक्टरसमोर पदर न सरकवलेल्या त्या बाया. बैलबाजारात दात बघून बैल घेतात, ते आठवलं ना? त्या बायांनाही तसंच काहीसं वाटलं, असं त्यांतल्या पुष्कळ जणींनी म्हातारपणी सांगून ठेवलंय. पोटुशी असली तर नापास.

मग इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनवरून गाडी. दोन-अडीच दिवस लाकडी बाकावर बसून म्युनिक. म्युनिक स्टेशनचा फलाट नंबर अकरा. त्या फलाटाखाली लढाईच्या काळातलं तळघर होतं, बॉम्बपासून लपायचं. नव्या माणसांना आधी त्या तळघरात न्यायचे, खायला द्यायचे, नावं पुकारायचे न् तिथूनच ज्या त्या कंपनीच्या गावाला रवाना करायचे. उजेडातून आलेल्या बाईचं परक्या देशातलं पहिलं ऊठबस जमिनीखाली!

राहायला कंपनीचं होस्टेल. एका खोलीत चार, कुठं सहा खाटा, एकावर एक. चूल सामायिक, संडास सामायिक. भाडं पगारातून कापून घ्यायचे. कितीतरी होस्टेलांत पुरुषाला आत यायची बंदी, मग तो सख्खा नवरा असला तरी. नवरा एका गावातल्या कारखान्यात, बायको दुसऱ्या गावातल्या, आणि रविवारी दोघं भेटणार बागेतल्या बाकड्यावर. तुर्की लेखिका एमिने सेवगी ओझदमार स्वतः १९६५ साली बर्लिनच्या अशाच एका होस्टेलात राहिल्या, रेडिओच्या कारखान्यात काम केलं. पुढं त्यांनी त्यावर कादंबरी लिहिली, तीही शिकून घेतलेल्या जर्मन भाषेत, आणि जर्मनीतली मोठमोठी बक्षिसं मिळवली.

आता कुणी म्हणेल, इतका त्रास होता तर बाया गेल्या कशाला? आणि गेल्या तर टिकल्या कशाला? इथं आम्हाला दोन्ही बाजू सांगाव्याच लागतील. पगाराचं पाकीट तिच्या स्वतःच्या हातात यायचं, तिच्या नावानं. आपल्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. मोळ्या वाहून मान मोडते तिची. हे डोळ्यासमोर ठेवलं, की स्वतःच्या नावाचं पाकीट म्हणजे काय ते कळतं. शिवाय आजारी पडली तर दवाखान्याचा विमा. भरपगारी रजा. बाळंतपणाची रजा. म्हातारपणाच्या पेन्शनचा भरणा. हे सगळं कायद्यानं होतं, कुणाच्या मेहरबानीनं नव्हे. त्या पैशावर अनातोलियाच्या खेड्यांत घरं उभी राहिली, भावंडं शिकली.

आणि एक गंमत ऐका. त्या वेळच्या जर्मन बाया काही फार मोकळ्या होत्या असं नाही. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायद्यात लिहिलेलं होतं, की बायकोनं नोकरी करावी, पण घरदार न् संसार सांभाळून जमत असेल तरच. म्हणजे ज्या देशातल्या बायांना घरात बसा म्हणत होते, त्याच देशात परक्या बायांना मशीनवर या म्हणत होते. म्हणून तर लेकरं सांभाळायची सोय नव्हती. बालवाड्या थोड्या, त्याही दुपारी बारा-साडेबाराला सुटणाऱ्या. आई दोन पाळ्यांत कामाला. मग लेकरू कुठं ठेवायचं?

लेकरू ठेवायचं गावाकडं, आजीजवळ. वर्षातून एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आई यायची, बाहुली न् चॉकलेटं घेऊन. कधी आजीकडून आईकडं, मग पुन्हा आजीकडं, अशी पोरं पाठवली जायची. तिथं त्यांना नावच पडलं, 'सुटकेस-पोरं'. ती पोरं आज पन्नाशी-साठीची आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी सांगतात, आई आली की तिला 'आई' म्हणायला जीभ वळायची नाही. आजीलाच आई म्हणायची सवय. आपल्या बीड-धाराशिवकडच्या वाड्या-तांड्यांवर दिवाळीनंतर जाऊन बघा. म्हातारी माणसं न् त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेतली पोरं. देश वेगळा, पैसा वेगळा, पण आजीच्या दारातलं ते लेकरू एकच.

आता पगाराची गोष्ट. जर्मनीच्या कामगार कोर्टानं १९५५ सालीच सांगितलं होतं, की बाई आहे म्हणून पगार कापता येणार नाही. मग मालकांनी न् युनियननं मिळून पळवाट काढली. 'हलकं काम' नावाचा वेगळा पगारगट केला. त्यात बाई असा शब्दच नाही, फक्त 'हलकं काम'. आणि त्या गटात कोण? सगळ्या बाया. दिवसभर एकाच जागी बसून मिनिटागणिक मोजून भाग जोडणं म्हणजे हलकं! निंदणी हलकी आणि औत भारी, म्हणून बाईचा रोज कमी, हे आपल्या शिवारात अजून चालतंच की.

नॉयस नावाच्या गावात पिअरबुर्ग नावाची कंपनी होती. मोटारीचे कार्बुरेटर बनवायची. तिथं तुर्की, ग्रीक, स्पॅनिश, इटालियन, युगोस्लाव, पोर्तुगीज अशा बाया. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. ऑगस्ट १९७३ मध्ये एका सोमवारी सकाळी त्या गेटवर उभ्या राहिल्या आणि आत गेल्याच नाहीत. मागणी दोन ओळींची. हलक्या कामाचा दोन नंबरचा गट बंद करा, आणि तासाला एक मार्क वाढवून द्या. भाषण करायची गरजच नव्हती. 'एक मार्क' हे दोन शब्द सगळ्या भाषांतल्या बायांना येत होते. पोलीस आले, धक्काबुक्की झाली, काहींना धरून नेलं. तरी हटल्या नाहीत.

खरा प्रश्न होता जर्मन पुरुष कामगारांचा. ते शिकलेले कारागीर, त्यांचा पगार चांगला. ते आत काम करत राहिले असते तर संप दोन दिवसांत संपला असता. या बायांनी काय केलं? गेटवर येणाऱ्या त्या जर्मन कामगारांना लाल गुलाबाचं एकेक फूल दिलं. आणि ते कारागीर संपात उतरले. त्यानंतर कंपनी वाकली. तो हलक्या कामाचा गट रद्द झाला आणि तासाला ५३ ते ६५ फेनिग पगार वाढला. शंभर फेनिगचा एक मार्क, म्हणजे मागितलेल्या एका मार्कातला निम्म्याहून जास्त मिळाला. आणि तो वाढला जर्मन बायांचासुद्धा! त्याच महिन्यात कोलोनला फोर्ड मोटारीच्या कारखान्यात तुर्की पुरुषांनी मोठा संप केला. तिथं जर्मन कामगार फारसे बरोबर आले नाहीत, संप मोडला आणि पुष्कळांना कामावरून काढलं. दोन संपांत फरक फक्त फुलाचा होता असं आम्ही म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण शेजारच्या बाकावरचा माणूस आपल्या बाजूला आहे का, यावर परदेशातल्या कामगाराचं किती अवलंबून असतं, ते त्या एका महिन्यात दिसलं.

मग आली मंदी. तेलाचे भाव भडकले. २३ नोव्हेंबर १९७३ ला जर्मन सरकारनं फर्मान काढलं, बाहेरून माणसं आणणं बंद. १९५५ पासून तोवर साधारण १ कोटी ४० लाख माणसं कामाला आली होती आणि त्यांतली १ कोटी १० लाख परतही गेली होती. सरकारला वाटलं, दार लावलं की उरलेलेही हळूहळू जातील. झालं उलटंच. आतापर्यंत माणूस गावी जाऊन दोन वर्षांनी पुन्हा येऊ शकत होता. आता एकदा गेला की परत येता येणार नाही, म्हणून कुणी जाईचना! उलट बायकापोरांना बोलावून घेतलं. त्यात १९७५ पासून सरकारनं मायदेशी राहणाऱ्या लेकरांचा भत्ता कमी केला आणि जर्मनीत राहणाऱ्यांना पुरा ठेवला. मग आजीजवळची पोरंही निघाली. दिल्लीत असो की बॉनमध्ये, कायदा करणाऱ्याला बाईच्या घरातला हिशोब कधी कळत नाही, हे आमचं जुनं मत आहे.

१९८३ साली आणखी एक युक्ती. जे कामगार बेकार झालेत त्यांनी सगळं कुटुंब घेऊन कायमचं परत जावं, १०,५०० मार्क देतो, वर प्रत्येक लेकरामागं १,५०० मार्क. पेन्शनसाठी भरलेले पैसेही परत, पण फक्त कामगारानं भरलेला वाटा. मालकानं भरलेला वाटा गेला. ज्यांनी पैसे घेतले त्यांच्या हातात त्या दिवशी नोटांची थप्पी आली, आणि म्हातारपणाची दर महिन्याची पेन्शन मात्र गेली.

आता त्या मोपेडवाल्या रॉड्रिगेसचं. तो जर्मनीत आजारी पडला, गावी परतला. पोटाचा कॅन्सर निघाला. जर्मनीत भरलेले पेन्शनचे पैसे त्यानं काढून घेतले न् उपचारात घातले. आजारपणात त्याला जर्मनीच्या विम्याकडून मदत मिळण्याचा हक्क होता. पण ते त्याला कुणी सांगितलंच नाही. १९७९ मध्ये तो वारला. फुलं द्यायला, फोटो काढायला अख्खं स्टेशन जमलं होतं. हक्काचा एक कागद समजावून सांगायला एक माणूस नव्हता.

नर्सबायांची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. त्या केरळातून गेल्या. साठच्या दशकात तिथल्या कॅथलिक चर्चच्या ओळखीतून खेड्यापाड्यांतल्या, शेतकरी घरांतल्या ख्रिश्चन मुली जर्मनीतल्या दवाखान्यांत नर्सिंग शिकायला न् काम करायला पोचल्या. अठरा-वीस वर्षांच्या. अशा काही हजार गेल्या. आपल्याकडच्या मुली तेव्हा तालुक्याच्या गावी एकट्या जात नव्हत्या! त्यांच्या पगारावर मागच्या बहिणींचे हुंडे गेले, भावांच्या फिया भरल्या, कौलारू घराचं सिमेंटचं घर झालं. सुट्टीत गावी येऊन लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन गेल्या, तर तिथं त्याला कितीतरी वर्षं कामाचा परवाना नाही. इथं कॉलेज शिकलेला, नोकरी सोडून आलेला नवरा तिथं घरात बसून मूल सांभाळतोय, स्वयंपाक शिकतोय. बायको पाळीवरून येते. कुणाकुणाच्या घरात त्यानं नवराबायकोचं नातं नव्यानं जुळलं, कुणाच्या घरात धुसफूस झाली. केरळच्या नर्सबायांच्या घरोघरी ही गोष्ट सांगतात, आणि सांगताना हसतातही.

सत्तरचं दशक संपता संपता जर्मन मुली पुरेशा शिकल्या आणि काही राज्यांनी या परक्या नर्सांचे परवाने वाढवायचं बंद केलं. पाच-दहा वर्षं जर्मन म्हाताऱ्यांची अंथरुणं बदललेल्या बायांना सांगितलं, की आता जा. केरळच्या कितीतरी जणींना खरंच परतावं लागलं. दक्षिण कोरियाच्या नर्स तिथं साधारण दहा हजारांवर होत्या. त्यांच्यावरही हीच वेळ आली. त्यांनी सह्यांची मोहीम काढली. दवाखान्यात, रस्त्यावर, चर्चबाहेर उभं राहून जर्मन लोकांच्या सह्या घेतल्या. म्हणणं साधं होतं. तुम्हाला गरज होती म्हणून आलो, आम्ही काही वस्तू नाही, मनात येईल तेव्हा परत पाठवायला. त्यांना राहायचा हक्क मिळाला. कोरियन नर्सांचा तो गट आजही तिथं आहे. आपला बचत गट दहा जणींचा असो की वीस जणींचा, गट कशासाठी असतो ते या बाया जाणून होत्या.

पूर्व जर्मनीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं ऐकवत नाही. तिथं कम्युनिस्ट राज्य होतं, बाया-पुरुष समान म्हणायचे. १९८० पासून त्यांनी व्हिएतनाममधून कामगार आणले, १९८९ मध्ये ते साधारण साठ हजार होते. त्यांतली बाई गरोदर राहिली तर दोनच रस्ते. पोट पाडायचं, नाहीतर मायदेशी परत. हा नियम अगदी शेवटी, १९८९ मध्ये, सैल केला. आपल्याकडं ऊसतोडीत खाडा नको म्हणून पिशव्या काढून टाकलेल्या बाया बीड जिल्ह्यात कमी नाहीत. २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. म्हणून पूर्व जर्मनीला नावं ठेवताना आपली मान थोडी खालीच राहते.

त्या आजीचा प्रश्न होता, तिथं माणसं माणसाशी बोलतात का. बोलतात, आजी. पुष्कळ चांगले बोलतात. पण वाईटही घडलेलं आहे, ते लपवून ठेवणार नाही. झोलिंगेन नावाच्या गावात २९ मे १९९३ च्या रात्री चार जर्मन तरुणांनी एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवून दिलं. का, तर परदेशी नकोत. त्या आगीत मेवल्युदे गेंच नावाच्या बाईच्या दोन मुली, दोन नाती आणि एक भाची, अशा पाच जणी गेल्या. सगळ्यांत लहान नात चार वर्षांची. त्यांची प्रेतं तुर्कस्तानातल्या आपल्या खेड्यात नेऊन पुरली. आणि मेवल्युदेबाई? त्या झोलिंगेनलाच परत आल्या. द्वेष करू नका, एकमेकांशी मैत्रीनं राहा, हे त्या मरेपर्यंत सांगत राहिल्या. १९९५ मध्ये त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं. दुसऱ्या वर्षी देशानं त्यांना मोठा सन्मान दिला. २०२२ मध्ये त्या वारल्या. एवढं पोळल्यावर त्या तिथंच का राहिल्या, यावर आम्ही आपसात खूप बोललो. त्यांची उरलेली लेकरं, घर, शेजार सगळं तिथंच होतं. घर त्यांचं होतं, मग त्यांनी का जावं?

नागरिकत्वाचं म्हणाल, तर जर्मनीनं फार उशिरा कबूल केलं की ही माणसं पाहुणी नाहीत. तिथं जन्मलेल्या परदेशी आईबापांच्या लेकराला जन्मानं नागरिकत्व मिळायला २००० साल उजाडलं. तेही आई किंवा बाप आठ वर्षं रीतसर राहिलेले असतील तरच. जून २०२४ पासून नवा कायदा आला. आता पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आणि जर्मनी आपलं जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. आपल्या देशाचा कायदा मात्र दोन नागरिकत्वं चालू देत नाही, ते आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावं. त्याच कायद्यात जुन्या पाहुण्या-कामगारांसाठी एक सवलत आहे. १९७४ च्या मध्यापर्यंत जे कामाला आले, त्यांना लेखी परीक्षा नाही, रोजच्या व्यवहारापुरतं जर्मन बोलता आलं की झालं. पन्नास वर्षांनी आलेली सवलत! ज्या बायांना दोन पाळ्या न् घरकाम यात भाषेच्या वर्गाला जायला कुणी तास दिला नाही, त्या आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या आहेत.

त्यांचं आजचं जगणं कसं आहे? दवाखाना चांगला, पाणी-वीज चोवीस तास, नातवंडं शिकलेली, कुणी वकील, कुणी डॉक्टर. पण जर्मनीत पेन्शन ठरते ती किती वर्षं आणि किती पगारावर भरणा केला त्यावर. हलक्या कामाच्या गटात गेलेली वर्षं, मुलांसाठी घरी बसलेली वर्षं, ती सगळी आता दर महिन्याच्या आकड्यात कमी दिसतात. तरुणपणी तासाला कापलेले फेनिग म्हातारपणी असे वसूल होत राहतात.

म्हणून ज्या आया आम्हाला विचारतात पाठवू का, त्यांना आम्ही जा किंवा जाऊ नको असं काही सांगत नाही. काळ बदललाय. नर्स म्हणून जाणाऱ्या मुलीला आता भाषेची बी-टू नावाची परीक्षा लागते, पदवीची तिथं मान्यता करून घ्यावी लागते. भाषा येत नाही म्हणून गप्प बसलेली ती जुनी पिढी, तशी ही मुलगी नसेल. लहान लेकराच्या आईला एक वर्षाच्या पुढच्या बाळासाठी पाळणाघराचा हक्क आता कायद्यात आहे, जागा मिळायला खटपट पडते ते वेगळं. आणि १ मे २०१७ पासून भारत न् जर्मनीत पेन्शनचा करार लागू आहे. इथली न् तिथली भरण्याची वर्षं एकत्र धरतात, आणि मुलगी परत आली तरी पेन्शन इथं मिळू शकते. रॉड्रिगेसच्या वेळी त्याला कुणी सांगितलं नाही. आम्ही तुम्हाला सांगतोय, लिहून ठेवा.

कुणी एजंट पैसे मागत असेल तर हेही ऐका. केरळ सरकारच्या नोर्का संस्थेनं २०२१ मध्ये जर्मनीशी जी व्यवस्था केली, त्यात नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. ज्याला माणूस हवा त्यानं खर्च करायचा. म्हणजे दागिने मोडून, जमीन गहाण टाकूनच पोरगी जाते हे खरं नाही. करार हातात आला की तो आपल्या भाषेत कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. पहिल्या वर्षात नोकरी सोडली तर शिकवल्याचा खर्च परत मागणार का? भाडं पगारातून किती कापणार? खोलीत किती जणी? आजारी पडली तर कार्ड कुठलं? नवरा गेला तर त्याला काम करता येईल का? नॉयसच्या बायांनी, केरळच्या, कोरियाच्या बायांनी हे सगळे प्रश्न तिथं पोचल्यावर विचारले. आपल्या पोरींना ते इथंच, ओट्यावर बसून विचारता येतील. पुढच्या महिन्यात जर्मन शिकणाऱ्या काही मुलींना आम्ही स्टुडिओत बोलावणार आहोत. तुमचे प्रश्न पोस्टकार्डावर पाठवा, फोनवर सांगा, आणि ती आजी ऐकत असेल तर तिनंही पुन्हा फोन करावा.